आधी आम्हाला वेगळं मोजा

१९६२ साली ग्लासगोमधल्या डॉक्टरांनी तिथल्या पाकिस्तानी वस्तीत मुडदूस (ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मुलांची हाडं वाकण्याचा आजार) आणि हाडं मऊ पडण्याचे रुग्ण आढळल्याचं प्रसिद्ध केलं. ब्रिटनच्या लेखी मुडदूस हा तोवर जवळजवळ संपलेला आजार होता. तो संपवण्यासाठी इंग्रजांना आपलं जेवण बदलावं लागलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने मार्गारिनमध्ये, म्हणजे लोण्याऐवजी पावाला लावायच्या स्निग्ध पदार्थात, ड जीवनसत्त्व घालणं सक्तीचं केलं आणि लहान मुलांना कॉडलिव्हर तेल पुरवलं. लोक जे खात होते त्यातच सरकारने दुरुस्ती केली.

मग प्रश्न आला स्थलांतरितांचा. ही माणसं मार्गारिन खात नव्हती, चपाती खात होती. साहजिकच कणकेत ड जीवनसत्त्व घाला अशी मागणी झाली. तसे प्रयोगही झाले आणि ती कणीक खाणाऱ्यांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढल्याचं दिसलं. तरीही १९८०मध्ये सरकारच्या तज्ज्ञ समितीने कणकेचा प्रस्ताव नाकारला. १९८१ला 'स्टॉप रिकेट्स' नावाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिचा भर आरोग्यशिक्षणावर होता. उन्हात बसा, मुलांना बाहेर न्या, ड जीवनसत्त्व असलेले पदार्थ खा, असा सगळा उपदेश. ग्लासगो शहराने मात्र १९७९पासून ड जीवनसत्त्वाचे थेंब फुकट वाटायला सुरुवात केली होती, आणि तिथल्या आशियाई मुलांमधला मुडदूस खरोखर कमी झाला.

इतकी जुनी गोष्ट उकरून काढायचं कारण असं, की गोऱ्यांच्या आजारावर धोरण आणि आमच्या, म्हणजे परदेशात राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या, आजारावर उपदेश ही वाटणी अजून मोडलेली नाही. मुडदुसाच्या जागी आता मधुमेह आणि हृदयविकार आलेत, एवढंच.

या दोन आजारांचं आमच्यातलं प्रमाण किती आहे, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतून बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. २०११ ते २०१६ या काळातल्या आकड्यांनुसार दक्षिण आशियाई प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २३.३ टक्के होतं आणि गोऱ्यांमध्ये १२.१ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. हृदयविकाराचंही तसंच. जगभरातल्या अनेक देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या देशांत पहिला झटका येण्याचं मध्यवय (निम्म्या रुग्णांना त्याआधीच झटका येतो ते वय) ५३ निघालं, इतर देशांत ते ५९च्या आसपास होतं. ही सहा वर्षं नेमकी कोणती असतात बघा. मुलांची कॉलेजं चालू असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं, गावी आईबाप थकलेले असतात. घरातला कर्ता माणूस नेमका तेव्हा जातो.

यावर आम्हाला ऐकू येणारं उत्तर ठरलेलं आहे: भात कमी करा, तूप सोडा, गोड बंद करा, चाला. यात खोटं काही नाही. मीही चालते, चालावंच. पण हे उत्तर अपुरं आहे, आणि वर्षानुवर्षं तेवढंच देत राहिल्यामुळे खरं काम मागे पडलं, असं माझं ठाम मत आहे. ते खरं काम म्हणजे आम्हाला नीट मोजणं, आमच्या शरीराला लागू पडेल अशी मोजपट्टी वापरणं, आणि त्या मोजणीतून जे दिसेल त्यावर सरकारी पैसा खर्च करणं.

मोजपट्टीचं आधी बोलते, कारण तिचा उगम आपल्या पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमचा फरक. पण हा फरक शरीरात सगळीकडे सारखा नव्हता. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. बारीक दिसणारं, पण आतून चरबी सांभाळून ठेवलेलं बाळ. मोठेपणीही आपण तसेच राहतो. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. एका फोटोत सगळा विषय मांडून झाला.

 बीएमआय २५च्या वर गेला तर वजन जास्त आणि ३०च्या वर गेला तर लठ्ठपणा, ही रेषा युरोपीय शरीरांवरून आखलेली आहे. २०२१ साली इंग्लंडमधल्या सुमारे १४ लाख ७० हजार लोकांच्या नोंदी तपासून संशोधकांनी हिशेब मांडला की गोऱ्या माणसाला ३० बीएमआयला मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९लाच असतो. आता हे किलोत करून बघू. १७० सेंटिमीटर उंचीच्या गोऱ्या माणसाचं वजन ८७ किलो झालं की डॉक्टर सावध होतात. त्याच उंचीचा आपला माणूस ६९ किलोला त्याच धोक्यात असतो, पण दवाखान्याच्या नेहमीच्या तक्त्यात तो 'नॉर्मल' भरतो. परिचारिका हसून "यू आर डूइंग ग्रेट" म्हणते आणि तो निर्धास्त होऊन घरी येतो. इकडे पॅन्टचा पट्टा दोन भोकं पुढे गेलेला असतो, पण पट्टा कोणी मोजलेला नसतो.

माहिती नाही असंही नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ (धोका वाढलेला) आणि २७.५ (धोका जास्त) या रेषा सांगितल्या. अमेरिकी मधुमेह संघटनेने २०१५मध्ये आशियाई लोकांच्या तपासणीची रेषा २३वर आणली. त्यालाही आता दशक उलटून गेलं. मार्गदर्शक पुस्तिकेत एक ओळ छापणं आणि दवाखान्यातल्या संगणकाने २३ला लाल खूण दाखवणं, या दोहोंत फार अंतर आहे. पहिलं झालं, दुसरं बहुतेक ठिकाणी झालेलं नाही. आणि हे दुसरं काम किती स्वस्त आहे! त्यासाठी नवं औषध नको, नवं यंत्र नको. संगणकात एक आकडा बदलायचा आणि डॉक्टरला आठवण करून द्यायची की या माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा.

आता मोजणीचं. अमेरिकेत १९२० ते १९४० या तीन जनगणनांमध्ये भारतीय उपखंडातून आलेल्या सगळ्यांना, मग ते शीख असोत वा मुसलमान, 'हिंदू' या वंशाच्या रकान्यात टाकलं होतं. 'एशियन इंडियन' हा वेगळा पर्याय १९८०ला आला. आरोग्याच्या मोठ्या पाहण्यांमध्ये मात्र त्यानंतरही कितीतरी काळ आम्ही नव्हतो. हृदयविकाराचं आजचं बरंचसं ज्ञान ज्या अभ्यासातून आलं, तो १९४८ला मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात सुरू झाला, आणि ते गाव गोऱ्यांचं होतं. पुढे विविध वंशांना घेऊन मोठा अभ्यास उभा राहिला. त्यात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आम्ही नव्हतो. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत आशियाई लोकांचा वेगळा गट २०११मध्ये आला, आणि त्यातही सर्वांसाठी खुल्या आकड्यांत चिनी, फिलिपिनो, कोरियन, भारतीय, पाकिस्तानी सगळे एकत्र. चिनी वंशाच्या माणसाचा हृदयविकाराचा धोका कमी, आपला जास्त. दोघांची सरासरी काढली की आशियाई लोक ठणठणीत दिसतात. ज्यांच्या ठणठणीत असण्याची खात्री झालेली आहे, त्यांच्यासाठी कोण निधी देणार?

ही उणीव भरून काढायला आपल्याच वंशाच्या दोन डॉक्टर पुढे आल्या. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अलका कनाया आणि शिकागोमध्ये नम्रता कांडुला यांनी २०१०मध्ये 'मसाला' हा अभ्यास सुरू केला. पहिल्या फेरीत ९०६ माणसं होती. लाखो लोकांच्या समाजासाठी ९०६ माणसं फार नव्हेत. पण अशा कामांतून पुरावा साठत गेला आणि २०१८च्या कोलेस्टेरॉलच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये दक्षिण आशियाई वंशाची नोंद 'धोका वाढवणारा घटक' म्हणून झाली. म्हणजे सीमारेषेवरच्या रुग्णाला गोळी सुरू करायची की थांबायचं हे ठरवताना डॉक्टरने वंशही लक्षात घ्यायचा. मोजल्यामुळे उपचार बदलतात, याचा याहून सरळ दाखला मला माहीत नाही.

राजकारणात मात्र हे घोडं पेंड खातं. अमेरिकी खासदार प्रमिला जयपाल यांनी मांडलेलं दक्षिण आशियाई हृदयआरोग्याचं विधेयक जुलै २०२२मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. मार्च २०२४मध्ये अमेरिकी सरकारने वंशनोंदणीचे नियम सुधारले. आता आशियाई गटाखाली तपशिलाचे चौकोन आहेत: चिनी, भारतीय, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी. पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, श्रीलंकन माणसाने आपलं नाव स्वतः लिहायचं. भारतीयांना चौकोन मिळाला म्हणून आपण गप्प बसणं मला पटत नाही. लिहिलेला मजकूर किती कार्यालयं वाचतील आणि त्याचे आकडे कधी बाहेर येतील, हे विचारायला त्या समाजांकडे आपल्याइतकी ताकद नाही.

इथे आपल्याच लोकांना थोडं टोचेल असं लिहिते. अमेरिकेत दक्षिण आशियाई समाजाचा चेहरा म्हणून जे लोक बोलतात ते डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक आहेत. मराठी माणसं तर बहुतांशी याच वर्गातली. आपल्याकडे नोकरीचा विमा असतो, वर्षाला तपासणी होते, ट्रेडमिल तळघरात असते. पण त्याच रकान्यात न्यूयॉर्कचा बांगलादेशी टॅक्सीचालकही आहे. दहा-बारा तास बसून राहायचं, लघवीला थांबायची सोय नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, रात्री अकराला जेवायचं. त्याच रकान्यात मोटेलच्या खोल्या साफ करणारी गुजराती बाई आहे, पेट्रोल पंपावरचा पंजाबी मुलगा आहे, हॉटेलच्या भटारखान्यात कागदपत्रांवाचून राबणारा नेपाळी आहे. आपल्या पगारांनी आणि पदव्यांनी गटाची सरासरी इतकी चकचकीत होते की ही माणसं आकड्यांत शिल्लकच राहत नाहीत. आपल्या यशाने त्यांचा आजार झाकला जातो. हे आपण मुद्दाम करत नाही, पण 'आदर्श अल्पसंख्य' ही पाठीवरची थाप आपल्याला आवडते आणि ती सोडवत नाही, हेही खरं आहे.

ब्रिटनने निदान मोजणी केली, म्हणून तिथे चित्र दिसतं. कोविडच्या पहिल्या लाटेत बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा मृत्यूचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच जास्त असल्याचं सरकारी आकड्यांतूनच पुढे आलं, आणि दुसऱ्या लाटेत भारतीयांचं अंतर कमी झालं तरी बांगलादेशी आणि पाकिस्तानी मागेच राहिले, हेही. तिथे कोविडने मरण पावलेले पहिले दहाच्या दहा डॉक्टर अल्पसंख्य वंशांचे होते. एकाच घरात तीन पिढ्या, घरून न करता येणाऱ्या नोकऱ्या, दवाखान्यातल्या पुढच्या रांगेतली ड्यूटी अशी कारणं एकेक करून तपासता आली. वेगळी नोंदच नसती तर 'त्यांच्या सवयीच तशा' म्हणून विषय मिटवला गेला असता.

उपदेशाची मजल कुठवर जाते हेही आता तपासून झालंय. शिकागो परिसरात 'सहेली' नावाचा प्रयोग झाला, ५४९ माणसांवर. आपल्या भाषांत वर्ग, आपल्या पदार्थांचा आहार, गटाने व्यायाम, सगळं समाजाच्या संस्थांमध्ये आणि फार कळकळीने केलेलं. २०२४मध्ये निष्कर्ष आले. नुसती छापील माहिती दिलेल्या गटाच्या तुलनेत वर्षभरानंतर वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत उल्लेखनीय फरक नव्हता. स्कॉटलंडमध्ये त्याआधी प्रा. राज भोपाळ यांच्या गटाने दुसरी वाट धरली होती. तिथे आहारतज्ज्ञ तीन वर्षांत पंधरा वेळा प्रत्येक कुटुंबाच्या घरी गेले, जो स्वयंपाक करतो त्याच्याशी बोलले, त्यालाच कामात घेतलं. २०१४च्या निष्कर्षात त्या गटाचं वजन तुलनेत सरासरी १.६ किलोने कमी झालं. फरक लहान आहे, पण ठोस आहे, आणि तो पगारी माणूस उंबरठ्याच्या आत गेल्यावर झालाय. वर्ग भरवणं आणि पत्रकं वाटणं स्वस्त असतं, म्हणून सगळीकडे तेच चालतं.

माझ्या म्हणण्याला एक गंभीर आक्षेप आहे. वंशावरून मोजलं की वंशावरून दोष देणं सोपं होतं. तुमच्या रक्तातच खोट आहे असं म्हणायला वाट मिळते. अमेरिकी हृदय संघटनेने २०२३मध्ये धोका मोजण्याची नवी सूत्रं आणली, त्यांतून वंश याच विचाराने वगळला. काळ्या लोकांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीत वंशाचा गुणक वापरल्यामुळे त्यांचा आजार कमी दिसून जे नुकसान झालं, ते पाहता ही काळजी मला रास्त वाटते. पण आमच्या बाबतीत मोजणीनेच उलट गोष्ट सिद्ध केली. पुण्याजवळच्या त्या गावांत याज्ञिकांना जे सापडलं, ते आईच्या पोषणाशी बांधलेलं होतं. गरोदरपणात जिच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (तेही ब गटातलंच जीवनसत्त्व) जास्त होतं, तिच्या मुलाचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं होतं. ही रक्ताची खोट नव्हे. हा आईच्या ताटाचा, तिच्या कामाच्या भाराचा आणि पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीचा हिशेब आहे. विमानात बसून माणूस तो मागे टाकून येऊ शकत नाही. मोजलं नसतं तर आजही गुळमुळीतपणे 'जीन्स' म्हणत बसलो असतो.

आणि मोजपट्टीच्या पलीकडे एक माणूस असतो, जो कुठल्याच पाहणीत येत नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सीत मराठी घरांमध्ये सहा महिन्यांसाठी येणारे आईबाबा. त्यांच्या बॅगेत चिवड्याच्या पुड्यांशेजारी झिपच्या पिशवीत सहा महिन्यांच्या गोळ्या असतात: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अॅटोर्वास्टॅटिन, प्रत्येक पाकिटाला रबरबँड, वर गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मुलगा त्यांचा प्रवासी विमा काढतो. त्यात पूर्वीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणजे सत्तरीच्या माणसाला जे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तेच नेमकं बाहेर. रात्री बाबांना चक्कर आली तर आधी पुण्याला किंवा सांगलीला फोन जातो, तिकडे सकाळ असते. डॉक्टर फोनवरूनच अर्धी गोळी वाढवायला सांगतात. तातडीच्या मदतीचा ९११ फिरवायचा का, यावर नवरा-बायको हलक्या आवाजात बोलतात आणि बाबा आतून म्हणतात, "काही नको रे, बरं वाटतंय आता." बिलाच्या भीतीने माणूस आपलं दुखणं नाकारतो. ग्रीनकार्डवर आलेल्यांचीही फार वेगळी गत नाही. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, विकत घ्यायचं म्हटलं तरी त्यासाठी अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. या वयात पाच वर्षं म्हणजे किती, हे कुठल्याही मुलाला कळतं. यावर 'भात कमी करा' हे उत्तर कसं पुरेल?

मनाच्या आजारांबद्दल आम्ही अजून तोंडच उघडत नाही. नोकरी गेली की साठ दिवसांत नवी शोधा नाहीतर देश सोडा, या टांगत्या तलवारीखाली एच-वन व्हिसावरची कुटुंबं वर्षानुवर्षं झोपतात. त्या झोपेचा रक्तदाबाशी संबंध असणारच. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्या हातात काय आहे? उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून आहे, गावोगावची मंडळं आहेत, दोन वर्षांनी अधिवेशनं भरतात, हजारो माणसं येतात. गणपतीत आणि दिवाळीत शाळेच्या सभागृहाच्या कोपऱ्यात रक्तदाबाचं यंत्र घेऊन आपले डॉक्टर बसतात, त्यांच्या सेवाभावाबद्दल मला आदरच आहे. पण त्या शिबिरांना येणाऱ्यांकडे विमा आधीच असतो, आणि कागदावर लिहिलेले आकडे पुढे कुठेच जात नाहीत. त्याच डॉक्टरांनी आपापल्या रुग्णालयांत २३ची रेषा संगणकात घालण्याचा आग्रह धरला, तर एका दिवसाच्या शिबिरापेक्षा कितीतरी जास्त माणसं वेळेत सापडतील. मंडळांनी गुजराती समाज, गुरुद्वारे, बांगलादेशी मशिदी यांच्याबरोबर उभं राहून राज्य सरकारकडे आकडे वेगळे छापण्याची आणि भाषा येणारे आरोग्यसेवक पगारावर नेमण्याची मागणी केली, तर ती टाळणं लोकप्रतिनिधीला अवघड जाईल. एकट्या मराठी मंडळाच्या पत्राला फार तर पोच मिळेल.

तोवर ज्याच्या त्याच्या हाती एक गोष्ट आहे. वय तिशीचं असो की साठीचं, बीएमआय २३च्या वर असेल किंवा आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे साखरेची आणि कोलेस्टेरॉलची तपासणी स्वतःहून मागा. "गरज नाही" असं उत्तर आलं तर कोणत्या रेषेवरून गरज नाही, ते विचारा.